शर्यतीआधीची धाकधूक: तीन आठवड्यांपासून पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत, क्रमाने

मॅरेथॉन असो, लांब पल्ल्याची सायकल शर्यत असो की ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं लागोपाठ), तयारी करणारा माणूस महिनोन्‌महिने पायांवर मेहनत घेतो. धाकधुकीचा विचार मात्र पहिल्यांदा आदल्या रात्री साडेदहाला करतो, झोप लागेना म्हणून. मग मोबाइलवर श्वासाचा एखादा व्यायाम शोधतो. तो धड जमत नाही, आणि जमत नाही म्हणून छाती आणखी धडधडते. व्यायाम बरोबरच असतो, त्याची वेळ टळून गेलेली असते.

धाकधूक पूर्ण घालवायची नसते, तशी ती जातही नाही. ती शिरते न ठरवलेल्या गोष्टींमध्ये: मोजे कोणते, घरून कधी निघायचं, पहिला किलोमीटर किती वेगाने, पोट बिघडलं तर काय. हे प्रश्न आधी मिटवले की तिला चघळायला फार काही उरत नाही. म्हणून खालचं बरंचसं काम शर्यतीच्या दिवसाआधीचं आहे. क्रम मोडू नका. आठवी पायरी दुसरीशिवाय चालत नाही.

उदाहरणं धावण्याची आणि आकडे ६० किलो वजनाच्या माणसाचे घेतले आहेत. तुमच्या वजनाप्रमाणे हिशेब करून घ्या.

सावधान: छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, चक्कर येऊन पडणं, ठोका चुकल्यासारखं वारंवार वाटणं किंवा ताप, यांना धाकधूक म्हणून सोडून देऊ नका. आधी डॉक्टर, मग शर्यत. ताप असेल तर त्या दिवशी धावायचं नाही, बिब, म्हणजे टी-शर्टवर लावायचा नंबर, हातात आलेलं असलं तरी.

## १. आपली धाकधूक कोणत्या जातीची ते ओळखा

अॅड्रेनलिन (घाबरल्यावर वाढणारं संप्रेरक) वाढलं की नुसतं उभं असतानाही नाडी मिनिटाला १०-२० ठोक्यांनी, कधी त्याहून जास्त वाढते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हात गार पडतात. तोंडाला कोरड पडते. जठर सावकाश रिकामं होतं, मोठं आतडं मात्र घाई करतं. पोटात गोळाही येतो आणि तीनदा टॉयलेटलाही जावं लागतं, ते यामुळे. काहींना लागोपाठ जांभया येतात आणि ते घाबरतात की झोप पुरली नाही. हे सगळं नेहमीचं आहे.

उपाय निवडताना बघायचं ते एवढंच, की सुरुवात शरीरातून होते की डोक्यातून. काहींचं मन ठीक असतं, पण हात थरथरतात, पोट ढवळतं. काहींचं शरीर शांत असतं आणि डोक्यात चक्र चालू असतं: मागच्या वेळी तिसाव्या किलोमीटरला जे झालं ते पुन्हा झालं तर? पहिल्याला श्वास आणि हालचाल लागू पडते, दुसऱ्याला कागद-पेन. विचारांनी पोखरलेल्या माणसाला नुसते दीर्घ श्वास घ्यायला सांगितले, तर तो श्वास घेता घेता विचार करत राहतो.

तपासणी: मागची शर्यत किंवा एखादी अवघड परीक्षा आठवा. आधी काय आलं, पोटातला गोळा की 'जमणार नाही' हे वाक्य? एका ओळीत लिहून ठेवा. दोन्ही येत असतील तर जे आधी आलं त्यावर आधी काम.

## २. तीन आठवडे आधी: रंगीत तालीम आणि श्वास

शेवटच्या मोठ्या लाँग रनला, म्हणजे सरावातल्या लांब धावेला, रंगीत तालीम करायची. शर्यतीला ज्या वेळी उठणार त्या वेळी उठा, तोच नाश्ता तेवढ्याच मापात खा, तेच बूट, तेच मोजे, तीच शॉर्ट्स, तेच जेल (धावताना घ्यायचं पाकिटातलं कार्बोहायड्रेट). खिशात जेल ठेवून दोन तास धावल्यावर ते मांडीवर कुठे घासतं हे तेव्हाच कळतं. शर्यतीचे बूट किमान दोन-तीन मोठ्या रनना वापरलेले हवेत. तालमीत जे बिनसलं ते दुरुस्त करायला तीन आठवडे हातात असतात. हीच गोष्ट शर्यतीच्या सकाळी लक्षात आली तर तिची फक्त चिंता होते.

त्याच दिवसापासून श्वासाचा सराव रोज ५ मिनिटं:

१. नाकाने ४ सेकंद श्वास आत. पोट पुढे यावं, खांदे वर जाऊ नयेत.
२. नाकाने किंवा ओठांच्या फटीतून ६ सेकंद बाहेर.
३. मध्ये रोखू नका. एक फेरी १० सेकंदांची, मिनिटाला ६, पाच मिनिटांत ३०.

पहिला आठवडा बसून करा. दुसऱ्या आठवड्यात उभ्याने, बूट घालून. तिसऱ्यात दोन जिने भराभर चढून, नाडी वाढलेली असताना. हा तिसरा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि शर्यतीच्या सकाळी परिस्थिती नेमकी तशीच असते: उभं शरीर, वाढलेली नाडी, आजूबाजूला गोंगाट.

इथे काय चुकतं: 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की माणूस भराभर मोठे श्वास ओढतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि हीच लक्षणं घाबरल्याची वाटतात. मोठा श्वास घ्यायचा नाही, सावकाश सोडायचा. सगळी करामत सोडण्यात आहे.

## ३. दोन आठवडे आधी: 'झालंच तर'चा कागद

एक कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे भीती, उजवीकडे कृती. मोबाइलवर नको, हाताने लिहा; शर्यतीच्या आदल्या रात्री हाच कागद हातात घ्यायचा आहे आणि तेव्हा मोबाइल बाजूला असायला हवा.

डावीकडची ओळ 'झालंच तर'ने सुरू करा आणि उजवीकडे हातापायांनी करता येईल अशी एकच गोष्ट लिहा. भरलेला कागद साधारण असा दिसतो:

- जेल पडलं तर: उजव्या खिशात एक जास्तीचं आहे, ते घेईन.
- घड्याळ बंद पडलं तर: ५, १०, २१ आणि ३० किलोमीटरच्या वेळा डाव्या मनगटावर पेनने लिहिलेल्या आहेत, मार्गावरचं घड्याळ बघेन किंवा शेजारच्याला वेळ विचारेन.
- लेस सुटली तर: रस्त्याच्या कडेला होईन, दुहेरी गाठ मारेन. गेलेले २०-३० सेकंद पुढच्या दहा किलोमीटरांत मिळून भरेन, पुढच्या एकाच किलोमीटरमध्ये नाही.
- टॉयलेटला लागली तर: पहिल्याच रिकाम्या टॉयलेटला थांबेन. दोन मिनिटं जातील, जाऊ देईन.
- पोटरी आवळली तर: पावलं लहान करेन, दोन मिनिटांत सुटली नाही तर एक मिनिट चालेन.
- ऊन चढलं तर: वेळेचं उद्दिष्ट सोडेन, पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर डोक्यावर पाणी घेईन.
- तिसाव्या किलोमीटरला 'बस झालं' वाटलं तर: पुढच्या पाण्याच्या स्टेशनपर्यंत जाईन, थांबायचं की नाही ते तिथे ठरवेन.

मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी 'असं झालं तर असं करीन' अशा बेतांवर बरंच काम केलं आहे. मुद्दा साधा आहे. प्रसंग आणि कृती यांची जोडी आधी लावून ठेवली की ऐन वेळी निर्णय घ्यावा लागत नाही, नुसती आठवण यावी लागते. थकलेल्या, घाबरलेल्या डोक्याला निर्णय जड जातो. आठवणं त्या मानाने सोपं.

इथे काय चुकतं: उजव्या बाजूला 'धीर सोडणार नाही', 'सकारात्मक राहीन' असं लिहिलं जातं. ती कृती नव्हे. पायांनी काय कराल, हातांनी काय कराल ते लिहा. लिहिता येत नसेल तर ती गोष्ट तुमच्या हातातली नाही: पाऊस, इतरांचा वेग, गर्दी. अशा ओळी कागदाच्या तळाशी एकत्र लिहून त्यांवर काट मारा. आणि यादी आठ-दहा ओळींवर थांबवा. वीस ओळी झाल्या की कागद धास्ती कमी करण्याऐवजी वाढवू लागतो.

## ४. दहा दिवस आधी: एक नव्हे, तीन उद्दिष्टं

एकच वेळ डोक्यात धरली तर बाराव्या किलोमीटरला अर्धं मिनिट मागे पडल्याबरोबर सगळं गेल्यासारखं वाटतं. म्हणून तीन पायऱ्या ठेवा. समजा लाँग रनवरून मॅरेथॉन चार तासांच्या आसपास दिसते आहे:

- अ: सगळं जुळून आलं तर ३ तास ५५ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ५:३४.
- ब: साधारण दिवस असेल तर ४ तास ५ मिनिटं, म्हणजे ५:४८.
- क: वाईट दिवस असेल तर कट-ऑफच्या (शर्यत संपवायच्या शेवटच्या मुदतीच्या) आत पूर्ण, चालत-धावत का होईना.

अ वरून ब वर कधी उतरायचं तेही आत्ताच ठरवा. उदाहरणार्थ, २५ किलोमीटरला अ च्या हिशेबापेक्षा दीड मिनिटाहून जास्त मागे असाल तर ब, आणि पुन्हा वर चढायचं नाही. उतरण्याची जागा ठरलेली असली की उतरताना हार मानल्यासारखं वाटत नाही.

लोकांना सांगायचं असेल तर ब सांगा. अ आपल्यापुरतं ठेवा. ऑफिसात सगळ्यांना 'चारच्या आत' सांगून आलेला माणूस ४२.१९५ किलोमीटर त्या सगळ्यांना खांद्यावर घेऊन धावतो.

## ५. शेवटचा आठवडा: टेपरमधली भुतं

टेपरमध्ये, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करण्याच्या काळात, पळण्याचं अंतर नेहमीपेक्षा ४० ते ६० टक्क्यांनी उतरलेलं असतं, वेगाचे छोटे तुकडे चालू असतात. अंगात शक्ती साठते आणि तिला वाट मिळत नाही. मग भुतं दिसू लागतात. सोमवारी गुडघा, बुधवारी टाच, शुक्रवारी घसा.

दुखणं खरं की भूत, हे असं बघा. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, रोज तीच जागा दुखते आणि वीस मिनिटं धावल्यावर वाढते, तर ते खरं, फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखणं जागा बदलतं, चालायला लागलं की विसरायला होतं, आणि हवामानाचा अंदाज वाचल्यावर परत येतं, तर ते बहुधा भूत.

वजनाचंही तसंच. शेवटच्या दोन-तीन दिवसांत कार्बोहायड्रेट वाढवलं की काटा एक-दोन किलोने वर जातो. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साठवणीतल्या कार्बोहायड्रेटबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठतं, म्हणून. ही चरबी नाही, शिदोरी आहे. या आठवड्यात काट्यावर उभंच राहू नका.

या आठवड्यात टाळायच्या गोष्टी:

- 'फिटनेस आहे ना' हे बघायला चार दिवस आधी १८ किलोमीटर जोरात धावणं. धाकधुकीपायी होणारी ही सगळ्यात महागडी चूक. आठवड्याभरात नवा फिटनेस येत नाही, थकवा मात्र नक्की येतो.
- शेवटच्या दोन-तीन दिवसांत जोरदार मसाज, जिममध्ये नवा व्यायाम, नवे बूट.
- हवामान तासातासाला बघणं. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी.
- इतरांचे सरावाचे आकडे बघणं. ते अॅप सात दिवस बंद.
- रोजची कॉफी अचानक तोडणं. डोकं दुखतं आणि त्यावरून नवी चिंता सुरू होते.

पायांची नखं तीन-चार दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली आणि एखादं खोल गेलं, तर ते ४२ किलोमीटर आठवण करून देतं.

तपासणी: शर्यतीच्या आधीच्या तीन रात्री किती झोपणार ते आज ठरवा. आदल्या रात्रीची झोप हातात नसते, त्याआधीच्या रात्रींची बऱ्यापैकी असते.

## ६. आदला दिवस: निर्णय संपवण्याचा दिवस

सामान. अंगावर चढवण्याच्या क्रमाने जमिनीवर मांडा: घासू नये म्हणून लावायचं मलम, मोजे, शॉर्ट्स, टी-शर्ट, बूट, घड्याळ, टोपी, जेल. मांडून झालं की एक फोटो काढा. रात्री अडीचला 'जेल घेतले ना?' असं वाटलं तर फोटो बघायचा, दिवा लावून बॅग उपसायची नाही.

बिब आजच लावा. टी-शर्ट सपाट जागी पसरा, बिब पोटाच्या किंचित वर ठेवा, चार कोपऱ्यांत चार सेफ्टी पिना. पिन बिबमधून आत, कापडातून खाली, आणि पुन्हा कापडातून वर बिबच्या बाहेर, म्हणजे ती फडफडत नाही. बिबच्या मागे टायमिंग चिपची पट्टी असेल तर ती दुमडू नका, तिच्यातून पिन घालू नका. आता टी-शर्ट अंगात घालून दोन्ही हात वर करा, कमरेत वळा. कापड ओढलं जात असेल तर खालच्या दोन पिना सैल लावा. सकाळी अंधारात, गार पडलेल्या थरथरत्या बोटांनी पिना लावून बघा, म्हणजे हे आज का करायचं ते कळेल.

खाणं. ९० मिनिटांपेक्षा लांब शर्यतीसाठी आधीच्या ३६ ते ४८ तासांत दर किलो वजनामागे दिवसाला ८ ते १२ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८० ते ७२० ग्रॅम. हे दिवसभरात विभागून. सगळं रात्रीच्या एका ताटात ढकललं तर सकाळी पोट जड राहतं आणि धाकधुकीने ते आणखीच रेंगाळतं. चोथा आणि तेलकट कमी, रात्रीचं जेवण लवकर, नवा पदार्थ कोणताही नाही.

वेळापत्रक. बंदुकीच्या, म्हणजे शर्यत सुटण्याच्या, वेळेपासून उलटं लिहा. बंदूक ६ ला असेल तर:

- ५:४५ होल्डिंग एरियात (सुरुवातीच्या रेषेमागे थांबायची जागा)
- ५:३० वॉर्म-अप
- ५:२० बॅग जमा
- ५:०० टॉयलेटची रांग
- ४:५० मैदानावर पोचणे
- ४:१५ घर सोडणे
- ३:३० नाश्ता
- ३:१५ उठणे

प्रवासाला लागणाऱ्या वेळेत २० मिनिटं जास्तीची धरा, कारण शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात. गजर दोन लावा आणि तिसरा म्हणून एखाद्या माणसाला सांगून ठेवा. 'गजर वाजला नाही तर' ही भीती झोपेची फार खराबी करते, आणि ती मिटवायला एक फोन पुरतो.

झोप. एक रात्र अपुरी झोपल्याने महिन्यांची मेहनत वाया जात नाही. सकाळी जरा जड वाटेल इतकंच, पाय तेच असतात. अंधारात डोळे मिटून पडून राहणंही विश्रांतीच. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. वीसेक मिनिटं टक्क जागे असाल तर उठून मंद उजेडात खुर्चीत बसा, 'झालंच तर'चा कागद एकदा वाचा, परत आडवे व्हा.

सावधान: झोपेची गोळी, धडधड कमी करणारी गोळी, वेदनाशामक, जुलाब थांबवणारी गोळी, यांतलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका. बीटा-ब्लॉकर, म्हणजे धडधड कमी करणाऱ्या गोळ्या, नाडी पुरती वाढू देत नाहीत आणि तुम्हाला तर तीच नाडी वापरायची आहे. आयबुप्रोफेनसारखी औषधं, शरीरात पाणी कमी असताना, मूत्रपिंडांवर ताण आणतात.

## ७. सकाळ: उठल्यापासून मैदानापर्यंत

नाश्ता अडीच-तीन तास आधी. दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे ९० ते १२० ग्रॅम, तालमीत खाल्लेलंच. घास गिळवत नसेल तर तेवढंच कार्बोहायड्रेट पातळ रूपात घ्या, पण तेही तालमीत करून बघितलेलं असावं. 'भूकच नाही' म्हणून उपाशी निघू नका. धाकधुकीत भूक मरते, शरीराची गरज मरत नाही.

पाणी दोन ते चार तास आधी दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे ३०० ते ४२० मिलिलिटर. त्यानंतर तहान लागेल तसे घोट. हातात बाटली धरून दर मिनिटाला घोट घेणारे स्टार्टपाशी बरेच दिसतात. तोंडाची कोरड ही त्यांना तहान वाटते. त्याने टॉयलेटच्या फेऱ्या वाढतात, आणि तेच पुढे मार्गावर चालू राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

कॉफी हा नाजूक विषय आहे. कामगिरीसाठी दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफीन सांगितलं जातं, म्हणजे ६० किलोला किमान १८० मिलिग्रॅम. पण ज्याचे हात आधीच थरथरतात त्याला एवढ्याने आणखी थरथर सुटते. अशांनी निम्मं घ्यावं किंवा सोडून द्यावं, आणि जेलमध्ये कॅफीन आहे का हे वेष्टनावर बघून ते हिशेबात धरावं. घ्यायचंच तर बंदुकीआधी ४५ ते ६० मिनिटं.

मैदानावर पोचल्यावर सर्वांत आधी टॉयलेटच्या रांगेत उभे राहा, लागली असो वा नसो. तुमचा नंबर येईपर्यंत लागते.

मग ५ ते १० मिनिटं हलकं जॉगिंग, शेवटी १५-२० सेकंदांचे तीन-चार स्ट्राइड्स (वेग चढवत घ्यायच्या छोट्या धावा). पूर्ण मॅरेथॉन पहिल्यांदाच धावणाऱ्यांना भरभर चालणंही पुरतं. एका जागी उभं राहून नुसतं ताणत बसू नका. अॅड्रेनलिनला हालचाल हवी असते, आणि ती मिळाली की हातांची थरथर बरीचशी जाते.

संगत जपून निवडा. प्रत्येक मैदानावर एक जण असतो जो चढ किती जीवघेणा आहे आणि त्याचा गुडघा कसा सुजलाय ते सांगत फिरतो. नमस्कार करा आणि टॉयलेटच्या रांगेकडे वळा. कोणाला वाईट वाटत नाही.

स्वतःशी काय बोलायचं: 'मी शांत आहे' असं म्हणू नका. छाती धडधडत असताना ते खोटं आहे हे मनाला कळतं. संशोधक अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणं, भाषण आणि गणित यांच्याआधी 'मी उत्साहात आहे' म्हणणाऱ्यांची कामगिरी, स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. कारण उत्साहातही छाती धडधडतेच. शरीराला काही बदलावं लागत नाही, फक्त नाव बदलतं. 'हुरूप आलाय' म्हणा, आणि तोंडाने म्हणा, ओठ हलू द्या.

## ८. होल्डिंग एरिया: शेवटची दहा मिनिटं

आता नवीन काही ठरवायचं नाही. सगळं ठरलेल्या क्रमाने:

१. दहा मिनिटं उरली: वाकून दोन्ही लेस बघा, दुहेरी गाठ. आपल्या वेगाच्या गटात उभे आहात ना ते बघा. पुढच्या गटात घुसलात तर पहिला किलोमीटर त्यांच्या वेगाने जाईल.
२. आठ मिनिटं: मुठी, खांदे आणि जबडा पाच सेकंद घट्ट आवळा, सोडा. तीन वेळा.
३. सहा मिनिटं: नाकाने एक श्वास, त्यावर लगेच एक छोटा श्वास, मग तोंडाने लांब उच्छ्वास. असं तीन ते पाच वेळा. त्यानंतर ४-६ चा श्वास दोन मिनिटं.
४. तीन मिनिटं: घड्याळाला उपग्रह सापडले का ते बघा. स्क्रीनवरून नाडीचा आकडा काढून टाका.
५. शेवटचं मिनिट: पहिल्या किलोमीटरचा वेग एकदा तोंडाने म्हणा. एवढंच.

नाडीचा आकडा लपवायचा, कारण उभ्या उभ्या ११५ दिसले की माणूस तो आकडा खाली आणायच्या मागे लागतो, आणि बघण्याने तो आणखी चढतो.

अगदीच घाबरायला झालं तर: गर्दीच्या कडेला या. तोंड मिटा, नाकानेच श्वास. बूट जमिनीवर दाबून टाच आणि अंगठा जाणवतोय का ते बघा. समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. शेजारच्याला 'कितवी शर्यत?' एवढं विचारा. बोलताना श्वास आपोआप लांब सुटतो. बोटांना मुंग्या आल्या असतील तर श्वास जास्त होतोय, कमी नाही.

ट्रायथलॉनवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उघड्या पाण्यातली घाबरगुंडी बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते. थंड पाण्यात शिरल्यावर धाप लागते ती एक ते तीन मिनिटांत ओसरते, म्हणून परवानगी असेल तर आधीच पाण्यात उतरून चेहरा भिजवा आणि पाण्यात तोंड घालून श्वास सोडण्याचा सराव करा. वेटसूटची (पोहण्याच्या रबरी पोशाखाची) मान फार घट्ट नाही ना ते बघा, आत थोडं पाणी शिरू द्या. सुरुवातीला मधोमध उभे न राहता कडेला किंवा मागे राहा. दम कोंडला तर पाठीवर वळा. बहुतेक ट्रायथलॉनच्या नियमांत सुरक्षेच्या कयाकला धरून थांबायची मुभा असते, पुढे सरकायची नसते. हात वर करून बोलवायला लाजू नका.

## ९. पहिले पाच किलोमीटर

बंदूक वाजली की धाकधुकीचा वेग होतो. पाय हलके वाटतात, ठरवलेला वेग रांगल्यासारखा वाटतो. सगळ्यात जास्त शर्यती इथेच बिघडतात, आणि बिघडल्याचं कळतं तिसाव्या किलोमीटरच्या पुढे.

पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा १० ते १५ सेकंद हळू. ब चा वेग ५:४८ असेल तर ५:५८ ते ६:०३. तीन किलोमीटरांत फार तर ४५ सेकंद मागे पडाल, आणि ते पुढच्या ३९ किलोमीटरांत किलोमीटरला सव्वा सेकंदाहून कमी घाईत भरून निघतात. जोरात सुटलेल्याचे शेवटच्या दहा किलोमीटरांत मिनिटामागून मिनिटं जातात.

उंच इमारतींमध्ये आणि पुलाखाली घड्याळाचा क्षणाक्षणाचा वेग भरवशाचा नसतो. किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा. नाडीवरूनही इथे वेग ठरवू नका, ती अजून धाकधुकीचीच आहे. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय का, एवढी कसोटी पुरे. गर्दीतून नागमोडी वाट काढू नका, त्याने अंतरही वाढतं आणि दमही जातो.

पाच किलोमीटरला तपासणी: जबडा सैल? खांदे खाली? मुठी उघड्या? वाक्य बोलता येतं? चारही 'हो' असतील तर ठरलेल्या वेगावर राहा आणि नाडी स्क्रीनवर परत घ्या. एखादं 'नाही' असेल तर पुन्हा एक किलोमीटर हळू. धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, चक्कर येत असेल किंवा छातीत दाब वाटत असेल, तर थांबा आणि वैद्यकीय मदत मागा.

## १०. त्याच दिवशी संध्याकाळी

'झालंच तर'चा कागद पुन्हा काढा, आठवण ताजी असताना. जे खरोखर घडलं त्या ओळीपुढे खूण करा, आणि उजवीकडची कृती उपयोगी पडली का ते दोन शब्दांत लिहा. यादीत नव्हतं असं काही घडलं असेल तर त्याची ओळ खाली वाढवा. पुढच्या शर्यतीचा कागद कोऱ्यापासून नको, यावरूनच सुरू करा. दोन शर्यतींत एकदाही खूण न झालेली ओळ तिसऱ्या यादीत घेऊ नका. टॉयलेटची ओळ मात्र असू द्या.